पाठीमागची खूण

वेस्टरविक, ११ मे

प्रिय येस्पर,

बर्चच्या झाडांना पालवी फुटली आहे. अशा दिवसांत मी वर्गाच्या खिडक्या सताड उघडून कविता शिकवायचो आणि तू खाली व्यायामशाळेच्या भिंतीवर चेंडू मारत असायचास. ठप, ठप. माझी चौथीची पोरं त्या ठोक्यावर कविता म्हणायची, मला ताल धरावाच लागायचा नाही. आता ती शाळा ग्रंथालय झाली आहे, आणि माझ्या कानांनी तर कधीच राजीनामा दिला. तो ठोका मात्र अजून आतून ऐकू येतो.

काल शेजारच्या गुनवोरकडे तुमचा म्युनिकचा टेनिस दुहेरीचा सामना पाहिला. ती बिचारी दर मंगळवारी माझ्यासाठी रुबार्बच्या आंबट देठांचा केक आणते. मला तो मुळीच आवडत नाही. पण ती दारात उभी राहून इतकं मनापासून काहीतरी बोलते, मी मान डोलावतो, आणि पुढच्या मंगळवारी केक आणखी मोठा असतो.

असो. सामन्याबद्दल लिहितो, कारण त्यानं माझी झोप उडवली. तुझा जोडीदार क्रिस्तर जाळीपाशी वाकून उभा, तुझ्याकडे पाठ, हात पाठीमागे. मूठ म्हणजे जागेवर राहणार, उघडा पंजा म्हणजे आडवा पळणार, मग तू त्याची रिकामी बाजू सांभाळायची. हे तूच मला शिकवलंस. त्यानं पंजा दाखवला. माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही टीव्हीवर स्पष्ट दिसला. तू मान डोलावलीस, सर्व्हिस केलीस, तो पळाला, आणि तू जागचा हलला नाहीस! दोघंही एकाच बाजूला, निम्मं कोर्ट ओसाड. समोरच्यानं चेंडू पत्र टाकावं तसा त्यात टाकला. एकदा झालं तर चूक म्हणतात. हे पुन्हा पुन्हा झालं.

भांडलात का रे?

तुझा,
आल्वारआजोबा


रोम, १६ मे

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र हॉटेलच्या काउंटरवर मिळालं. तिथली मुलगी म्हणाली, 'अजून कुणी पत्रं लिहितं?' मी म्हटलं, 'माझ्या आजोबांना फोन ऐकू येत नाही आणि ते मला बोलू देत नाहीत.'

भांडलो नाही. त्या दिवशी ऊन डोळ्यांवर होतं आणि घाम. कधीकधी होतं असं. तुम्ही आपले घोर लावून घेऊ नका.

इथं आमचं नेहमीचंच. एकेरीवाल्या मोठ्या मंडळींचा सामना लांबला की आम्हाला उचलून कुंपणाकडच्या कोर्टावर टाकतात. काल दुपारभर बॅगांवर बसून राहिलो. क्रिस्तर म्हणाला, 'आपण टेनिसपटू नाही रे, आपण स्टेशनवर राहिलेलं सामान आहोत.' बघा, तो हसतो आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

एक गोष्ट तेवढी डोक्यात घोळते. यूस्त नावाचा एक डच पोरगा आहे, बावीस वर्षांचा, खांबासारखा उंच, नजर घारीची. तो क्रिस्तरच्या आसपास घिरट्या घालतोय. जेवणाच्या रांगेत त्याच्यामागे, सरावाच्या वेळी कुंपणाला टेकून. दुहेरीत एकट्याला नाव देता येत नाही, आजोबा. दोन नावं एकत्र जातात, दोघांची क्रमवारी एकत्र मोजतात. लग्न मोडायला निदान वकील तरी लागतो. आमची जोडी मोडायला फोनवर एक ओळ पुरते. माझ्या पस्तिशीत मला नवीन कोण विचारणार?

पण तसं काही होणार नाही. पॅरिसच्या हॉटेलचा पत्ता खाली दिला आहे.

तुमचा,
येस्पर


वेस्टरविक, २२ मे

श्री. क्रिस्तर यांस,

मी येस्परचा आजोबा, निवृत्त शाळामास्तर. आपली भेट एकदाच झाली आहे, बोस्टादच्या स्पर्धेत, दोन वर्षांपूर्वी. तुम्ही मला कॉफी आणून दिली होती आणि मी तिच्यात चुकून मीठ घातलं होतं.

हे पत्र येस्परला न कळवता लिहितो आहे, आपणही कळू देऊ नये. माझ्या नातवाचं हल्ली तुमच्या खुणांशी जमत नाहीसं दिसतं. तो तुम्हाला दोष देणार नाही, म्हणून मी देतो. जो मास्तर फळ्यावर गिचमिड लिहितो, त्यानं पोरांच्या चुका काढू नयेत. तुमचा हात फार चपळ आहे. खूण दाखवता आणि लगेच मिटवता. जरा ठळक दाखवा. आणि तो उंच डच मुलगा काय म्हणतो तिकडे फार कान देऊ नका. कान ही भरवशाची वस्तू नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

तुम्ही फिनलंडच्या किनाऱ्यावरचे, पण घरात आमचीच स्वीडिश भाषा बोलता, म्हणून आमच्या जुन्या वाचनपुस्तकातल्या या ओळी तुम्हालाही भेटल्या असतील:

एक वल्हे तुझ्या हाती,
एक वल्हे माझ्या हाती;
धुके दाटले तरीही
होडी ओळखते माती.

येस्परला मी ही कविता भिंतीवर चेंडू मारता मारता शिकवली. त्या दिवसापासून तो दुहेरी खेळतो आहे असं मी समजतो.

आपला,
आल्वार सांदेल


पॅरिस, ३० मे

आदरणीय सांदेल मास्तर,

तुमचं पत्र मी मनातल्या मनात बाकावर उभं राहून वाचलं. कविता आम्हालाही चौथीत होती. माझी आई भांडी घासताना म्हणायची, बशी पुसून झाली की 'माती' यायची.

तुम्ही स्पष्ट लिहिलंत, मीही लिहितो. माझा हात चपळ नाही. उलट मी आता खूण इतका वेळ धरून ठेवतो की पंच घड्याळाकडे बघतात. बोटांना पांढरी पट्टी गुंडाळतो. कालच्या सामन्यात सर्व्हिस कुठं टाकायची तेही बोटांनी सांगितलं: मधोमध नको, बाहेरच्या कडेला टाक, मी मधे जातो आहे. खांद्यावरून मागे पाहिलं, त्यानं मान डोलावली. मी मधे गेलो. आणि त्याची सर्व्हिस मधोमध आली, माझ्या कानाला चाटून. ती किती वेगानं येते ते तुम्हाला माहीत आहे. दोन बोटं इकडे असती तर मी हे पत्र इस्पितळातून लिहीत असतो.

आम्ही हरलो.

मी त्याला विचारलं, 'खूण दिसली नाही का?'

म्हणाला, 'दिसली की. मान नाही का डोलावली?'

'मग?'

'चेंडू सुटला हातून.'

चौदा वर्षं खेळणाऱ्याच्या हातून चेंडू असा सुटत नसतो, मास्तर. म्हणजे त्याला दिसतं, पण पटत नाही. तो मान हलवतो आणि स्वतःच्या मनानं टाकतो. त्याचा माझ्यावरचा भरवसा उडाला आहे. हे त्यानं तोंडावर सांगितलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. आता जाळीपाशी त्याच्याकडे पाठ करून उभं राहताना माझ्या मानेवर काटा येतो. ज्या माणसाकडे पाठ करायची भीती वाटते, त्याच्याबरोबर दुहेरी कशी खेळायची?

यूस्तनं विचारलं आहे, हे खरं आहे. बोस्टादसाठी नावं मिडसमरच्या सणानंतर लगेच द्यायची आहेत. तोवर मी थांबेन. तुम्ही मला अडवू नका, पण रागावूही नका. मीही चौतिशीचा आहे.

आपला,
क्रिस्तर


वेस्टरविक, ४ जून

प्रिय येस्पर,

लायलॅक फुलला आहे. दर वर्षी या फुलांच्या दिवसांत शाळेचं वर्ष संपायचं, पोरं पांढरे कपडे घालून यायची, आणि मी त्यांना शेवटची कविता म्हणायला लावायचो. हे सगळं लिहितो आहे कारण पुढचं लिहायला हात पुढे होत नाही.

आज मंगळवार. गुनवोर केक घेऊन आली. दारात उभी राहून बोलत होती, हातवारे करत होती, ओठ भराभर. मी मान डोलावली. तेवढ्यात दाराशेजारच्या कपाटाच्या काचेत मला स्वतःची मान दिसली. हनुवटी थोडी जास्तच खाली. डोळे समोरच्या माणसावर नाहीत, जरा वरच्या बाजूला. आणि मान जरा लवकर, समोरच्याचं बोलणं पुरतं संपायच्या आधीच.

पोरा, ही मान मी म्युनिकच्या सामन्यात पाहिली होती.

ज्याला ऐकू येत नाही तो 'ऐकू आलं नाही' म्हणत नाही. एकदा म्हणतो, दोनदा म्हणतो, तिसऱ्यांदा लाज वाटते. मग तो मान डोलावतो. मी बारा वर्षं डोलावतो आहे. म्हणून दुसऱ्याची खोटी मान मला लांबून ओळखू येते, तुझ्या क्रिस्तरला ती कशी ओळखू यावी?

तुला त्याची बोटं दिसत नाहीत ना?

मी क्रिस्तरला पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं. पॅरिसला चेंडू कुठून गेला ते मला कळलं आहे. त्याला वाटतं, तुझा त्याच्यावर विश्वास उरला नाही. मी माझा हा तर्क त्याला कळवलेला नाही. ते सांगणं तुझं आहे. पण मिडसमरच्या आधी सांग. बोस्टादसाठी तो कुणाबरोबर नाव देणार ते तेव्हा ठरेल.

तुझा,
आजोबा


हॉलंड, १० जून

आजोबा,

तुम्ही त्याला पत्र लिहिलंत? माझ्या पाठीमागे? मी पस्तीस वर्षांचा आहे, तुमच्या चौथीतला नाही!

होय. दिसत नाहीत.

डावा डोळा लहानपणापासून आळशी, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर पट्टी बांधून तुम्हीच मला शाळेत न्यायचात. जे काही होतं ते उजव्यावर होतं. जानेवारीत सरावाला जाळीपाशी उभा असताना त्याच उजव्यावर चेंडू बसला. सूज उतरली. मधोमध एक डाग राहिला, काचेवर कुणी अंगठा टेकवावा तसा. डॉक्टर म्हणाले, वाढणार नाही, पण जाणारही नाही. पुन्हा आदळलं तर काय, हे मी त्यांना विचारलं नाही.

चमत्कारिक गोष्ट अशी की चेंडू मला दिसतो. जे हलतं ते डागाच्या कडेनं पकडता येतं. जे स्थिर असतं तेच गिळलं जातं. आणि क्रिस्तरचा हात तेवढा स्थिर असतो. तो जितका जास्त वेळ धरतो तितका नाहीसा होतो.

तुम्ही म्हणता, सांग. सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या लॉकर रूमला कळेल. त्यानंतर प्रत्येक जण माझ्या त्या बाजूला मारील, आणि माझ्याबरोबर नाव द्यायला कुत्रं येणार नाही. मला दुसरं काही येत नाही, आजोबा. एकेरी मी कधी खेळलोच नाही. मला दुसऱ्या माणसाशेजारी उभं राहता येतं, बस्स.

त्याला काही लिहू नका. मलाही थोडे दिवस लिहू नका.

येस्पर


वेस्टरविक, मिडसमरची संध्याकाळ

प्रिय येस्पर,

लिहू नको म्हणालास, तरी लिहितो. हे पत्र कुठं पाठवावं तेही कळत नाही, तू पत्ता दिला नाहीस. गुनवोरनं शोधून दिलं की या आठवड्यात तुम्ही इंग्लंडात गवतावर आहात. तिथल्या क्लबच्या नावानं टाकतो.

चौकात पानाफुलांचा खांब उभा केला आहे. सगळं गाव भोवती नाचतं आहे. वाद्यं वाजत असणार. मला फक्त पाय दिसतात. नवे बटाटे, हेरिंग मासे, वर शेपू, सगळं पानावर आहे. घास जात नाही. तुमचे सामने टीव्हीवर दाखवत नाहीत. गुनवोर तिच्या फोनवर नुसते आकडे दाखवते: हरलात. पुन्हा हरलात. आकड्यांत कुणाच्या कानाजवळून काय गेलं ते कळत नाही. रोज सकाळी आधी ती फोन उघडते आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघतो.

मी क्रिस्तरला लिहिलेलं नाही. दोनदा कागद घेतला, दोनदा ठेवला. शब्द पाळला आहे.

एवढंच सांगतो. मी खोटी मान डोलावतो तेव्हा फार तर एक केक जास्त येतो. तू डोलावतोस तेव्हा एक माणूस तुझ्याकडे पाठ करून उभा असतो. त्याला डोळे मागे नाहीत. त्याचे मागचे डोळे तू आहेस.

तुझा,
आजोबा


लंडनजवळ, २७ जून

प्रिय आजोबा,

पत्र क्लबच्या माळ्यानं आणून दिलं. पाकिटावर माती होती.

सांगितलं.

काल सरावाच्या कोर्टावर. क्रिस्तर जाळीपाशी गेला, नेहमीसारखा वाकला, हात पाठीमागे नेला. यूस्त कुंपणाला टेकून उभा होताच. मी चेंडू टाकायला हात वर केला आणि तुमचं ते वाक्य आठवलं. हात खाली आला. मी ओरडलो, 'किती बोटं?'

तो वळला. 'काय?'

'मला दिसत नाहीत. जानेवारीपासून. एकही नाही.'

तो तसाच उभा राहिला, हात पाठीमागे. मग चालत आला. मला वाटलं, मारतो की काय.

'जानेवारी?' म्हणाला. 'आणि पॅरिस?'

'नव्हतं दिसलं.'

'आणि मान कशाला हलवलीस, गाढवा?'

त्यानं रॅकेट गवतावर आपटली. 'मी सहा महिने झोपलो नाही! बायकोला सांगितलं, याचा माझ्यावर विश्वास नाही. माझा खेळ संपला हेच हा तोंडावर सांगत नाही, असं वाटायचं मला. आणि तू आंधळा?'

'अर्धा,' मी म्हटलं.

'अर्ध्याचा पाव असता तरी सांगायचं होतंस. माझं डोकं फुटलं असतं.' आणि तो निघून गेला. यूस्तच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता. संध्याकाळी जेवायला आला नाही. आज सकाळी मात्र माझ्या दारावर आला, डोळे लाल, आणि दारातूनच म्हणाला, 'बोस्टादसाठी आपली नावं दिली आहेत. तेवढंच. पुढचं पुढे. खुणांचं मी बघतो.'

खुणांचं काय बघतो ते आज दुपारी सरावाला कळलं. तुम्हाला लिहीत नाही. तुम्ही बोस्टादला या. भीती अजून आहे, आजोबा. त्यालाही आहे, मला त्याच्या मानेवर दिसते. मान मोठी असते, ती दिसते.

तुमचा,
येस्पर


वेस्टरविक, १६ जुलै

प्रिय येस्पर,

परवा सामन्यानंतर तुझ्याभोवती इतकी माणसं होती, आणि तू जे बोललास त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग आमची बस सुटायची होती. म्हणून जे तिथं सांगायचं राहिलं ते लिहितो.

तीन नंबरचं कोर्ट. बरं झालं, मोठ्या कोर्टावर मला काही दिसलं नसतं. गुनवोरनं मला जाळीच्या रेषेतच पहिल्या बाकावर बसवलं आणि ती सावलीला गेली. समुद्रावरून वारा, तांबड्या मातीवर पाणी मारून रेषा झाडलेल्या. लहानपणी पाटी पुसून तारीख लिहिली की वाटायचं तसं वाटलं.

आणि मग क्रिस्तर जाळीपाशी वाकला, हात पाठीमागे नेला, आणि पंजा दाखवला. तीच खूण! तू मान डोलावलीस. हनुवटी जास्त खाली, डोळे वर. तीच मान! मी बाक धरला. मनात म्हटलं, या पोरानं मला खोटं लिहिलं. मला धीर द्यायला सगळा प्रसंग रचला, आणि आता इथं, माझ्या डोळ्यांदेखत, त्या माणसाचं डोकं फुटणार. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा क्रिस्तर उभाच होता, जाळीच्या त्याच बाजूला. पंजा दाखवूनही तो पळालाच नव्हता. समोरचा गडी त्याच्या हुलीला भुलून, तो पळणार असं धरून बसला आणि फसला. पुढच्या वेळी क्रिस्तरनं मूठ दाखवली, आणि पळाला. आणि तू त्याच क्षणी रिकाम्या बाजूला! मला काही उमजेना. खूण एक, करणी दुसरी, आणि तरी तुम्ही दोघं एका होडीत बसल्यासारखे. मला वाटलं, दैवानं साधतं आहे, आणि दैव किती वेळ टिकणार? शेवटच्या टायब्रेकमध्ये माझ्या हाताला असा घाम होता की जणू मीच सर्व्हिस करतो आहे.

शेजारी निळ्या टोपीची एक बाई बसली होती. ती हसून माझ्याकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. मी सवयीनं हनुवटी खाली न्यायला लागलो. न्यायला लागलो, आणि थांबलो. मी म्हटलं, 'बाई, मला ऐकू येत नाही. पुन्हा सांगता?'

ती माझ्या कानाशी आली आणि ओरडली. अर्ध्या कोर्टानं ऐकलं असेल.

'हात नुसता दाखवायला आहे हो! तो जाळीजवळचा दरवेळी खालच्या आवाजात कविता म्हणतोय! शाळेतली! वल्ह्याची!'

मी तुमच्याकडे बघितलं. क्रिस्तरच्या तोंडासमोर रॅकेट धरलेली होती, ओठ दिसत नव्हते. पण त्याच्या पाठीला ताल होता. तू चेंडू मातीवर आपटत होतास, ठप, ठप, आणि तुझी हनुवटी मुळी हललीच नाही. तू ऐकत होतास, कुठली ओळ म्हणजे थांबणार, कुठली म्हणजे पळणार. चेंडू वर गेला, आणि कुठली ओळ होती ते मला न ऐकताच कळलं, कारण तू सरळ रिकाम्या बाजूकडे निघाला होतास.

नंतरच्या फेरीत हरलात, ते गुनवोरच्या फोननं सांगितलं. तुमच्या कवितेची ओळ ओळखणारे स्वीडिश गडी समोर आले तर काय करणार, तुझा डोळा आणखी किती दिवस साथ देईल, याचा घोर मला आहेच, आणि तो राहील. पण क्रिस्तरला सांग, पुढच्या कडव्यांसाठी मास्तर जिवंत आहेत.

आज मंगळवार होता. गुनवोर दारात आली. मी म्हटलं, 'मला ऐकू येत नाही, सावकाश बोला.' तिनं कागदावर लिहून दिलं: 'केक आवडतो ना? की मोठा आणू?'

मी खाली लिहिलं, 'नाही. पण तुम्ही येत जा.'

तुझा,
आल्वारआजोबा